पाट, पिंप आणि डास : सोलापूरच्या पाण्याचा दीडशे वर्षांचा हिशेब

१/
१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका तापाची मोठी साथ आली. ताप काही दिवसांत उतरे, पण सांधे असे धरत की धडधाकट माणसालाही भिंतीचा आधार घेतल्यावाचून उठता येत नसे. पाहणीत दिसून आले की दर तिघांमागे एकाहून अधिक माणसांना या रोगाने गाठले होते. रोगाचे नाव चिकुनगुन्या. तो पसरवणारा डास.

२/
साल लक्षात घेण्यासारखे आहे. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणातून अजून गेलेला नाही. विहिरी आटल्या होत्या, गावेच्या गावे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली होती. त्या दुष्काळाला लागूनच, अवर्षणाच्या मुलखातल्या एका गावात डासांचा रोग घरोघर पोचतो. जिथे पाणीच नाही तिथे डास आले कुठून? आजचा धागा या प्रश्नापासून सुरू करू.

३/
उत्तरासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल, आणि पुढे आजच्या उजनीपर्यंतही यावे लागेल. कारण शेतीने पाण्याची वाट बदलली की डासांचीही वाट बदलते. सोलापूरच्या इतिहासात हे दोन्ही अंगांनी दिसते : पाटाचे पाणी जिथे पोचून साचते तिथे एक डास, आणि पाणी पोचत नाही म्हणून घरात साठवावे लागते तिथे दुसरा.

४/
आधी या दोघांची ओळख. पहिला अ‍ॅनोफेलिस क्युलिसिफेसिस. ग्रामीण भारतातील हिवतापाचा हा मुख्य वाहक. याला गटाराचे घाण पाणी नको असते. नदीपात्रातली डबकी, कालव्याच्या कडेचा पाझर, मुरूम काढलेले खड्डे, न वापरलेल्या विहिरी, असे स्वच्छ, संथ पाणी त्याला मानवते. तो रात्री चावतो, आणि माणसापेक्षा त्याचा ओढा गुराढोरांकडे अधिक असतो.

५/
दुसरा एडीस इजिप्ती. डेंग्यू व चिकुनगुन्याचा वाहक. मूळचा आफ्रिकेतला, जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पसरला. हा माणसाच्या घरातच राहतो, दिवसा चावतो आणि रांजण, हौद, टाकी, पिंप यांत अंडी घालतो. ही अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरताच फुटतात. त्याला पाऊस लागत नाही. आपण साठवलेले पाणी पुरते.

६/
आता सोलापूरची मूळ शेती पाहू. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. म्हणून इथला शेतकरी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी काढत आला. मंगळवेढ्याची ज्वारी आजही नावाजलेली आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले ‘मालदांडी’ वाण तर देशभर गेले. ही शेती पाणी साचवत नाही, जमिनीत मुरवते.

७/
अशा मुलखात हिवताप नव्हता असे नाही. पावसाळ्यात ओढे वाहत, पाऊस ओसरल्यावर पात्रांत डबकी उरत आणि भाद्रपद-आश्विनात थंडीताप येई. पण डासांचा हंगाम आखूड असे. डबकी आटली, हवा कोरडी झाली की डासाचे आयुष्य कमी होई. हिवतापाच्या जंतूला डासाच्या शरीरात वाढायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तितके दिवस डास जगला नाही तर जंतू दुसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही.

८/
म्हणजे कोरडेपणा हेच सोलापूरचे एक संरक्षण होते. त्याची किंमत फार मोठी होती, आणि ती दुष्काळात मोजावी लागे. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनची जी दैना केली ती पाहता, पाणी आणू नका असे कोणी म्हणणे क्रूरपणाचे ठरले असते. पाणी आणणे आवश्यकच होते. ते कसे आणले गेले, हे पुढे पाहू.

९/
सोलापूरजवळ एकरुख तलाव १८७१ च्या सुमारास पूर्ण झाला. आज आपण त्याला हिप्परगा तलाव म्हणतो. पुढे दुष्काळी कामांतून आष्टीचा तलाव झाला. नीरेच्या डाव्या कालव्याचे कामही १८७६ च्या दुष्काळातच सुरू झाले आणि १८८५ मध्ये तो वाहू लागला. ‘दुष्काळावर पाटाचे पाणी’ हे सरकारी धोरण इथे घडत होते.

१०/
पण एक अडचण निघाली. पाऊस बरा झालेल्या वर्षी काळ्या जमिनीतल्या ज्वारीला पाटाचे पाणी लागत नसे. शेतकरी पाणी घेईना, पाणीपट्टी जमेना, कालव्याचा खर्च निघेना. बारमाही पाणी घेणारे आणि त्याचे पैसे देऊ शकणारे पीक एकच होते : ऊस. दुष्काळासाठी बांधलेले कालवे अशा रीतीने हळूहळू उसाचे कालवे झाले.

११/
पाण्याचा आणि तापाचा संबंध सरकारला तेव्हा ठाऊक नव्हता का? ठाऊक होता, आणि तोही बऱ्याच आधीपासून. त्यासाठी थोडा वेळ सोलापूर सोडून उत्तरेत कर्नालला जाऊ. पश्चिम यमुना कालव्याच्या काठी असलेली तिथली लष्करी छावणी तापाने इतकी पोखरली, की १८४० च्या दशकाच्या आरंभी ती सोडून द्यावी लागली.

१२/
त्यानंतर बेकर, डेम्प्स्टर आणि यूल या तिघांची समिती नेमली गेली. हे यूल म्हणजे पुढे ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश करणारे हेन्री यूल. डॉ. डेम्प्स्टर यांनी एक सोपी युक्ती काढली. गावोगावच्या लोकांची पोटे तपासून कितीजणांची पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे हे मोजले. वारंवार हिवताप झाला की पांथरी वाढते. हे मोजमाप पुढे जगभर वापरले गेले.

१३/
१८४७ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. कालवा आला म्हणून सगळीकडे ताप वाढला नव्हता. जिथे जमिनीचा निचरा चांगला होता तिथली गावे बरी होती. जिथे कालव्याच्या भरावाने पाण्याची नैसर्गिक वाट अडवली होती, पाणी जमिनीत जिरत नव्हते आणि साचून राहत होते, तिथे ताप मांडी ठोकून बसला होता.

१४/
ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा हिवताप डासामुळे होतो हे कोणालाच माहीत नव्हते. दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेने ताप येतो असाच समज होता. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे अहवालानंतर पन्नास वर्षांनी. कारण चुकीचे होते. उपाय मात्र बरोबर होता : पाणी आणाल तर त्याला बाहेर जायची वाटही काढा.

१५/
आता पुन्हा दख्खनमध्ये येऊ. इथली काळी चिकण जमीन पाणी धरून ठेवते. तिला उसाचे भरमसाट पाणी मिळू लागले आणि निचऱ्याचे चर खोदले गेले नाहीत. परिणाम दिसायला फार काळ लागला नाही. नीरा खोऱ्यातील जमिनी पाण्याने फुगल्या, वर मीठ फुटले. शेतकरी ज्याला ‘चोपण’ म्हणतो तशी ती जमीन झाली.

१६/
१९१० मध्ये शेतकी खात्याचे हॅरोल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी, विसाव्या शतकाच्या आरंभीच, मुंबई इलाख्यात नोकरीस असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली होती. पाणी थोड्यांच्या उसात न मुरता अधिक गावांत, पिकांची फेरपालट करून वाटले जावे, असा तिचा हेतू होता.

१७/
जमीन चोपण होणे आणि हिवताप येणे ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत. दोन्हींच्या मुळाशी साचलेले पाणी. शेतकी खात्याला त्यात बिघडलेली जमीन दिसते, आरोग्य खात्याला तापाचा रोगी दिसतो. एकाच चराने दोन्ही कामे झाली असती. पण चर कोणत्याच खात्याच्या जमेत धरला जात नसे. कारण कालव्याचे यश ‘किती एकर भिजले’ यावर मोजले जाई.

१८/
१९२८ च्या सुमारास भाटघरचे लॉइड धरण झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस भागात आणले. सासवडकडचे माळी बागाईतदार या पाण्यामागोमाग इथे आले. १९३० च्या दशकात त्यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभारला. माळीनगर हे गावाचे नावच या स्थलांतराची खूण आहे. माळरानाचे बागाईत झाले. ही कर्तबगारी मोठीच होती.

१९/
याच दशकात सोलापूरला दुसराही एक प्रयोग सुरू झाला. १९३३ मध्ये इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र स्थापन झाले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वरचेवर कोळपणी. पडलेला पाऊस जागीच मुरवण्याचे हे शास्त्र ना. वि. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांनी घडवले. म्हणजे एकाच जिल्ह्यात पाण्याचे दोन विचार शेजारी नांदत होते. पैसा मात्र पाटाकडे गेला.

२०/
कालव्याच्या मुलखात हिवताप नेमका कुठे तयार होतो, याचे उत्तर याच काळात दक्षिणेत मिळाले. कावेरी-मेट्टूर प्रकल्पाचे पाणी तंजावर भागातील पट्टुकोट्टई तालुक्यात पोचले आणि तिथे हिवताप वाढला. रॉकफेलर प्रतिष्ठानचे डॉ. पॉल रसेल यांनी त्याचा अभ्यास केला. १९३८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच बोलके होते : सदोष आणि अव्यवस्थित सिंचनामुळे होणारा हिवताप.

२१/
दोष पाण्याचा नसून व्यवस्थेचा, हा रसेल यांचा रोख. गळकी दारे, भरावासाठी माती उचललेले आणि तसेच सोडलेले खड्डे, गवत माजलेल्या चाऱ्या, शेताच्या टोकाला जाऊन साचणारे वाया पाणी, पुलाखाली अडलेला ओघ. कालव्यावर वावरलेल्या कोणालाही ही यादी परकी वाटणार नाही. माळशिरस असो वा मोहोळ, पाटकऱ्याला यातली प्रत्येक जागा दाखवता येईल.

२२/
यात एक उपकारक गोष्टही आहे. उबदार हवेत क्युलिसिफेसिसला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. कालव्याचे आवर्तन नीट पाळले, दोन पाळ्यांच्या मध्ये चाऱ्या खरोखर कोरड्या पडल्या, तर अळ्या मरून जातात. पण दार गळत असेल, चारीत खाचा असतील, तर आवर्तन बंद असतानाही पाणी राहते आणि डासांची पिढी पुरी होते. दुरुस्ती हेच इथे औषध आहे.

२३/
पाण्याबरोबर माणसेही हलतात. १९११ मध्ये क्रिस्टोफर्स व बेंटली या हिवताप-अभ्यासकांनी दाखवून दिले होते की रेल्वे, धरणे, मळे यांसाठी जमवलेल्या मजुरांचे तळ हिवतापाची आगरे बनतात. वेगवेगळ्या भागांतून आलेली, अर्धपोटी, उघड्यावर झोपणारी माणसे एका जागी येतात. कोणाच्या रक्तात जंतू असतो, कोणाच्या अंगात प्रतिकारशक्ती नसते, आणि डास दोघांनाही चावतो.

२४/
आपल्याकडे हे वर्णन कोणाला लागू पडते ते सांगायला नको. दसऱ्या-दिवाळीनंतर बीडकडून, नगरकडून आणि सोलापूरच्याच कोरड्या गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांवर येतात. पाचटाच्या कोप्यांत चार-सहा महिने काढतात. कोपी बहुधा पाटाच्या किंवा ओढ्याच्या जवळच, कारण पाणी तिथेच मिळते. डासापासून आडोसा म्हणावा अशी भिंत तिला नसते.

२५/
भिंत नसण्याला फार महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाविरुद्धची सारी लढाई भिंतीवरच लढली गेली. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो. भिंतीवर डीडीटी असेल तर मरतो. या पद्धतीचे भारतातले आरंभीचे मोठे प्रयोग मुंबई प्रांतातच, कारवार व धारवाड भागांत, डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४० च्या दशकात झाले.

२६/
यश विलक्षण होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. दारावर फवारणीची तारीख लिहून जाणारी माणसे, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेणारा ‘मलेरियावाला’, हे जुन्या पिढीला चांगलेच आठवत असेल.

२७/
मग ते यश उलटले. १९७६ मध्ये देशातील रुग्णांची नोंद ६४ लाखांवर गेली. कारणे अनेक होती : पैसा आटला, देखरेख सैलावली, शहरांकडे दुर्लक्ष झाले. पण एक कारण थेट शेतातून आले. क्युलिसिफेसिस डीडीटीला दाद देईनासा झाला. १९५९ च्या सुमारास गुजरातच्या पंचमहाल भागात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यातच, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली.

२८/
पुढची वर्षे संकरित बियाण्यांची. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. कपाशी, भाजीपाला, ज्वारी यांवर गॅमेक्झिन, एन्ड्रिन यांची धुरळणी-फवारणी सुरू झाली. तीच किंवा त्याच कुळातली विषे घराच्या भिंतीवर आणि शेतातही पडू लागली. शेताच्या कडेच्या पाण्यातल्या अळ्यांना विषाची थोडी-थोडी मात्रा सतत मिळाली. ज्या तगल्या त्यांचीच पुढची पिढी झाली.

२९/
१९८१ मध्ये ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात चॅपिन आणि वॉसरस्ट्रॉम यांनी मध्य अमेरिका व भारत यांची उदाहरणे घेऊन हाच मुद्दा मांडला : नगदी पिकांवरील कीटकनाशकांचा वापर आणि हिवतापाचे पुनरागमन यांचा संबंध आहे. त्यांच्या मांडणीवर वाद झाले. तरी एकच विष दोन खाती एकमेकांना न विचारता वापरत होती, ही वस्तुस्थिती उरतेच.

३०/
पिके बदलली की जनावरेही बदलतात. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानामध्ये भातशेती वाढली, चराऊ रान गेले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. तोवर गुरांवर भागवणारा तिथला एक डास माणसांकडे वळला आणि हद्दपार झालेला हिवताप १९६० च्या दशकात परतला, असे डॉ. गिग्लिओली यांनी नोंदवले. आपल्याकडे बैल घटले तरी दुभती जनावरे वाढली, म्हणून हे उदाहरण जसेच्या तसे लागू करू नये. पण गोठा कुठे आहे हा प्रश्न हिवतापात निरर्थक नाही, एवढे यातून कळते.

३१/
पाटाचे पाणी रोगाला नव्या मुलखात कसे नेते, याचे सर्वांत ठळक उदाहरण थरच्या वाळवंटातले. इंदिरा गांधी कालव्याने पश्चिम राजस्थानात गहू, कापूस, भुईमूग आणले. पाझर साचला, जमिनी फुगल्या आणि पूर्वी तिथे फारसा न आढळणारा क्युलिसिफेसिस पाण्यामागोमाग वाळवंटात शिरला. १९९४ मध्ये अतिवृष्टीची जोड मिळाली आणि तिथे हिवतापाची भीषण साथ उसळली. कर्नालचा धडा दीडशे वर्षांनंतरही शिकलेला नव्हता.

३२/
आता उजनी. भीमेवरच्या या धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये झाली, काम १९८० मध्ये पूर्ण झाले. साठवण सुमारे ११७ टीएमसी. दोन कालवे, भीमा-सीना जोड बोगदा, नदीवरचे बंधारे. जिल्ह्याचे रूप पालटले. तिसाहून अधिक साखर कारखाने, पंढरपूर-माढ्याचे उसाचे फड, केळी, द्राक्षे. एकेकाळी दुष्काळी कामांवर गेलेल्यांची नातवंडे आज बागाईतदार आहेत.

३३/
खोल, लाटांनी हलणारा जलाशय हा डासांचा आवडता पाळणा नव्हे. पाळणे असतात धरणाच्या खाली : पाझराची डबकी, भरावालगतचे खड्डे, अपुऱ्या चाऱ्या, नदीत पाणी सोडून थांबवल्यावर पात्रात उरणारी तळी. म्हणून ‘धरणाने रोग आला’ आणि ‘धरणाचा रोगाशी काय संबंध’ ही दोन्ही वाक्ये सारखीच आळशी आहेत. पाहायचे ते शेवटच्या चारीपर्यंतचे काम.

३४/
आणि आता पुन्हा बार्शी. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला. अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ मध्ये टांगानिकात तो प्रथम ओळखला गेला, १९६३ मध्ये कोलकात्यात, १९६५ मध्ये नागपुरात दिसला. बार्शी ही बाजारपेठ. ‘बार्शी लाइट’ रेल्वेने कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूरला जोडलेली. एडीस डास काहीशे मीटरच उडतो. विषाणू आगगाडीने आणि एसटीने माणसाच्या रक्तातून प्रवास करतो.

३५/
विषाणू आल्यावर त्याला लागतो घरोघरचा एडीस. टंचाईच्या वर्षी पाणी मिळेल तेव्हा भरून ठेवणे हाच घराचा मुख्य उद्योग होतो. रांजण, घंगाळे, हौद, तेलाचे रिकामे पिंप. सगळे भरलेले, आणि मोलाचे पाणी म्हणून कधीच पूर्ण रिते न केलेले. साथीला कारणे एकाहून अधिक असतात. पण पाणी नाही म्हणून डास नाही, हा आपला समज एडीसच्या बाबतीत उलटा आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

३६/
बार्शीनंतर चिकुनगुन्या देशातून जवळजवळ तीन दशके दिसेनासा झाला. २००५-०६ मध्ये परतला तेव्हा विषाणूचा प्रकार निराळा होता. बार्शीचा आशियाई, हा आफ्रिकी. पुढे असे आढळले की हा आफ्रिकी प्रकार २००० सालीच यवतच्या डासांत होता. यवत कुठे? पुणे-सोलापूर रस्त्यावर. २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या वर्षी जिन्याचा कठडा धरून चढणारी माणसे कोणाला आठवत नाहीत?

३७/
आता दोन्ही टोके एकत्र आणू. राज्याच्या पिकाखालील जमिनीत उसाचा वाटा थोडा, सिंचनाच्या पाण्यात मात्र प्रचंड. सोलापूर शहराला उजनीचे पाणी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत सोडून आणि जलवाहिनीने मिळते, तरीही वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आले आहे. फडात पाणी साचते, म्हणून तिथे क्युलिसिफेसिस. शहरात पिंपे भरून ठेवावी लागतात, म्हणून तिथे एडीस. दोघांना पोसणारे खोरे एकच.

३८/
याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याला जे पाणी, जो भाव आणि जी हमी मिळाली त्यानुसार त्याने पीक निवडले. ताप आला तोही आधी त्यालाच आणि त्याच्या मजुराला. चूक हिशेबाची आहे. पाणी आणण्याचा खर्च प्रकल्पाच्या खात्यात मांडला गेला. ते बाहेर काढण्याचा आणि सारखे वाटण्याचा खर्च कधी चोपण जमिनीने, कधी तापाने फणफणणाऱ्या घराने भरला.

३९/
नव्या गोष्टींनाही हीच फूटपट्टी लावावी. डाळिंब-द्राक्षांचे ठिबक सिंचन पाणी साचू देत नाही. ते डासांच्या विरोधातच जाते. त्याला पाणी पुरवणारे प्लास्टिक अस्तराचे शेततळे मात्र उघडे, संथ पाणी असते. त्यात गप्पी मासे सोडणे हा स्वस्त उपाय आहे. घरात आठवड्यातून एक कोरडा दिवस, पिंपाला घट्ट झाकण. कोप्यांच्या तळावर मच्छरदाण्या आणि रक्ततपासणी. तीही मजूर येताना, जाताना नव्हे.

४०/
आपल्या भागात नवा कालवा, बंधारा किंवा उपसा योजना होत असेल, तर किती एकर भिजणार हे विचारताना आणखी तीन प्रश्न विचारावेत. वाया पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाणार? माती काढलेले खड्डे कोण बुजवणार? आणि याच पाण्यावर अवलंबून असलेल्या गावाच्या नळाला रोज पाणी येणार का? १८४७ च्या त्या समितीने पहिला प्रश्न विचारला होता. बाकीचे दोन बार्शी आणि माळशिरसने शिकवले आहेत.

४१/
१९७३ ची बार्शी, ‘मलेरियावाल्या’ची फेरी, कालवा आल्यावर बदललेले गाव, यांच्या आठवणी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतील तर त्यांना विचारा आणि जरूर लिहून काढा. अशा आठवणी सरकारी अहवालांत सहसा सापडत नाहीत.